अण्णांचा कॅमेरा आणि माझा मोबाइल

आमचा सिल्लोडला फोटो स्टुडिओ आहे. आहे म्हणजे पाटी आहे, आत एक खुर्ची, मागे निळा पडदा, दोन छत्र्या (पावसाच्या नव्हेत, दिव्यांच्या), आणि काउंटरच्या काचेखाली आसपासच्या निम्म्या गावांतले नवरा-नवरी आहेत. गिऱ्हाईक मात्र क्वचित असतं. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत पोरं पासपोर्ट फोटो काढून नेतात, तेवढीच काय ती गर्दी. एरवी अण्णा काच पुसत बसलेले असतात.

अण्णा दहावी नापास. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शिकायला छत्रपती संभाजीनगरला वसतिगृहात राहते. (आजी शेवटपर्यंत ‘अवरंगाबाद’च म्हणायची.) बारावी पास झाले त्या आठवड्यात अण्णांनी मला मोबाइल आणून दिला, ५० मेगापिक्सेलचा. ज्या वस्तूनं आपलं दुकान बसवलं, तीच वस्तू बापानं लेकीला हौसेनं आणून द्यावी, यातलं काही तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. मी पेढे वाटले आणि पेढ्यांचेही फोटो काढले.

अण्णांचा कॅमेरा निकॉनचा डी ९०. हे मॉडेल २००८ साली बाजारात आलं. अण्णांनी दोन वर्षांनी घेतलं, आणि त्यासाठी आजीनं आपली बोरमाळ मोडायला दिली होती. तो १२ मेगापिक्सेलचा. मी एकदा अण्णांना ऐकवलं, “तुमचे बारा, माझे पन्नास!” अण्णा रागावले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरातून एक परात आणि एक वाटी आणली आणि अंगणाकडे बोट करून म्हणाले, “समज, पाऊस चालू हाय. पाऊस दोन्हीवर सारखाच. पाणी कशात जास्ती साठंल?”

मग त्यांनी सांगितलं. कॅमेऱ्यात जिथं उजेड पडतो तो तुकडा २४ मिलिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर रुंद असतो. माझ्यासारख्या साध्या मोबाइलमध्ये तो जेमतेम साडेपाच बाय चार. म्हणजे परात वाटीच्या सुमारे १७ पट. त्या वाटीचे पन्नास काय, शंभर कप्पे केले तरी पाऊस वाढत नाही. दुपारच्या उन्हात पाऊस मुसळधार असतो, वाटीही भरून वाहते. तेव्हा दोघांच्या फोटोत आपल्यासारख्याला फरक दिसायचा नाही. खरी परीक्षा अंधारात. तिथं मोबाइल एक युक्ती करतो. एका दाबात तो भराभर बरेच फोटो घेतो, ते एकावर एक ठेवतो, त्यातले दाणे गाळतो, काळोख उजळतो आणि आपल्या हातात एकच गोरागोमटा फोटो ठेवतो. “म्हंजे त्यो काढत न्हाई, रांधतो,” असं अण्णा म्हणाले. भौतिकशास्त्राचा इतका सोपा तास मला शाळेत कुणी दिला नव्हता.

गेल्या वर्षी आमच्या वर्गाची सहल अजिंठ्याला गेली. शहरापासून शंभरेक किलोमीटर, आणि वाटेत आमचं सिल्लोड. गाडी स्टँडजवळ चहाला थांबली तेव्हा अण्णा कॅमेऱ्याची बॅग घेऊन उभेच होते. मी मागितली नव्हती. “लेणी अंधारात हायेत. फ्लॅश चालत न्हाई तिथं. पन्नासची लेन्स लावून ठेवली,” एवढंच बोलले. मैत्रिणींसमोर ती जुनाट काळी बॅग गळ्यात अडकवताना मला थोडी लाजच वाटली, हे आज लिहायला हरकत नाही.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरलो आणि काही दिसेना. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत नुसता काळोख. सगळ्यांनी मोबाइल वर केले. पडद्यावर पद्मपाणी लखलखीत उमटला, मुकुटातल्या खड्यांसकट! मैत्रिणी म्हणाल्या, “अय्या, डोळ्यांनी तर इतका दिसतच नाही!” आणि फोटो काढून त्या पुढच्या लेण्याकडे गेल्यासुद्धा.

मी मागे राहिले, कारण कॅमेऱ्याला वेळ लागतो. आयएसओ १६०० वर नेला, लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं, कोपर फासळ्यांना टेकवून श्वास धरला. पहिले चार फोटो हलले. तेवढ्या वेळात डोळे अंधाराला सरावले आणि चित्र हळूहळू भिंतीतून पुढे यायला लागलं. आधी नाकाची रेघ, मग झुकलेल्या पापण्या, मग हातातलं कमळ. पाचवा फोटो बरा आला. त्यात दाणे होते, कडेला काळोख होता, पण मी उभी होते ते लेणं तेच होतं. मोबाइलमधल्या फोटोत सगळं होतं, फक्त अंधार नव्हता. गाडीत मात्र सगळ्यांनी मोबाइलचाच फोटो मागून घेतला. माझा कॅमेऱ्यातला फोटो पाहून एकजण म्हणाली, “काळाच आला की गं!”

परतताना इतिहासाच्या सरांनी गाडी अजिंठा गावात थांबवून पारोची कबर दाखवली. मेजर गिल आणि पारो यांची कथा महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पण सर कथेवर फार रेंगाळले नाहीत. ते गिलच्या कामाबद्दल बोलले. रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातला अधिकारी. १८४४ साली कंपनी सरकारनं त्याला इथल्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं लेण्यांत बसून त्यानं तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या आणि विलायतेला पाठवल्या. लंडनजवळ सिडनॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्या जळाल्या. मोजक्याच वाचल्या. दरम्यान गिलनं कॅमेरा हाती घेतला होता. त्याचे लेण्यांचे जोडफोटो, म्हणजे यंत्रातून पाहिले की खोली दिसणारे, १८६४ साली पुस्तकांतून छापूनही आले होते. रंगांची चित्रं गेली, काळे-पांढरे फोटो उरले. गिल १८७९ साली वारला, त्याची कबर भुसावळला आहे.

मला तेव्हा वाटून गेलं, गिलच्या काळातही कुणीतरी म्हणालं असेल, ‘हे कसलं चित्र? यात ना रंग, ना हाताची कला!’ अण्णा मोबाइलला जे म्हणतात तेच. बॅग परत देताना मी हे अण्णांना सांगितलं. ते हसले, पण बोलले नाहीत. एका आकडेवारीवरून त्यांचं न बोलणं मला समजलं. जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या हिशोबानुसार २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले गेले. २०२३ साली ८० लाखसुद्धा नाहीत. आजीची बोरमाळ मोडली ती नेमकी २०१० साली.

आजी या वर्षी ज्येष्ठात गेली. दहाव्याला हार घालायला फोटो हवा होता. माझ्या मोबाइलमध्ये आजीचे दोनशेच्या वर फोटो. सुटीत घरी आले की मी तिचे फोटो काढतच असायची. त्यातला एक सगळ्यांना पसंत पडला. चुलीपुढे बसून ती माझ्याकडे बघून खळखळून हसतेय, दात नसलेलं तोंड उघडं. अण्णांनी तो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर घेतला आणि मोठा केला. बराच वेळ ते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “गोंदण कुठाय?”

आजीच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते आणि कपाळावर एक. लग्नाआधी गोंदलेले. फोटोत हनुवटी कोरी होती. गालाच्या सुरकुत्या पुसून गाल प्लास्टिकसारखे तुळतुळीत झाले होते. मला एकदम आठवलं, चेहरा गोरा-गुळगुळीत करायचं ते बटण मी स्वतःच्या फोटोंसाठी चालू केलं होतं आणि वर्षभर बंदच केलं नव्हतं. मोबाइलला आजीचं गोंदण डाग वाटलं होतं. मी मेले नाही एवढंच. एकेक करून दोनशे फोटो उघडून पाहिले. जवळून काढलेल्या सगळ्यांत तेच.

अण्णांनी जुनी हार्ड डिस्क काढली. आत्याच्या मुलीच्या लग्नातला, डी ९० नं काढलेला आजीचा एक फोटो सापडला. त्यात चारही ठिपके स्पष्ट होते, कपाळावरची एकेक रेघ मोजता येत होती. पण आजी त्यात गुडघ्यांवर हात ठेवून, फौजदारानं बोलावल्यासारखी ताठ बसलेली. तोच फोटो दहाव्याला ठेवला. आलेल्या बाया पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, “माय अशी गप कधी बसली व्हती का?” खरंच नव्हती. कॅमेरा समोर आला की आजी लाकूड व्हायची. मोबाइल तिला कॅमेरा वाटायचाच नाही, म्हणून ती त्याच्यापुढे हसली.

त्या रात्री अण्णांनी माझा मोबाइल मागून घेतला. त्यात चाळीसेक सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. आजी भाकरी थापतेय आणि मला रागावतेय, “ठेव ते डबडं अन् पाणी आण.” अण्णांनी तो किती वेळा पाहिला कुणास ठाऊक. अंथरुणात पडून मला आजीचं रागावणं पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

परवा दिवाळीला घरी गेले तर अण्णा कॉम्प्युटरवर तो हसरा फोटो उघडून बसले होते. माउसनं ते हनुवटीवर गोंदण काढत होते. मी म्हटलं, “अण्णा, तुम्हीच म्हणाला होतात ना, मोबाइल रांधतो?” ते म्हणाले, “म्या काय कमी रांधलंय? नवरीच्या तोंडावरचा एक मुरूम ठेवला न्हाई आजवर. देवीचे व्रण सुदीक काढलेत. पैसे त्याचेच मिळायचे.” आणि पुन्हा पडद्याकडे वळले. एक ठिपका, दुसरा ठिपका. तिसऱ्यापाशी हात थांबला.

“डाव्या अंगाचा जरा खाली व्हता का गं?”

मला आठवेना. मी भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून काढला, हार बाजूला केला आणि त्यांच्यापुढे धरला.