नंबर आपला, दुकान आपल्या पसंतीचे

जर्सी सिटीतल्या न्यूअर्क ॲव्हेन्यूवर आपल्याकडचा किराणा मिळतो, मिठाई मिळते, सोन्याचे दागिनेही मिळतात. चष्मा करण्याची रीत मात्र तिथेही अमेरिकेचीच. पुण्या-नाशकात चष्म्याच्या दुकानातच, बहुधा फुकट, नंबर काढून मिळतो. इथे नंबर म्हणजे परवानाधारक ऑप्टोमेट्रिस्टने किंवा नेत्रतज्ज्ञाने दिलेली चिठ्ठी. तपासणीची फी निराळी, फ्रेमचे पैसे निराळे, काचांचे निराळे, त्यांवरच्या कोटिंगचे आणखी निराळे. मोठ्या माणसांच्या साध्या आरोग्यविम्यात यातले काही सहसा बसत नाही. मूळ मेडिकेअरसुद्धा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची एक जोडी सोडली तर चष्म्याला पैसे देत नाही. म्हणून इथली मराठी कुटुंबे चष्मा भारतवारीवर ढकलतात, आणि तोवर जुन्या नंबरावर गाडी चालवतात. मला हे धोक्याचे वाटते आणि अनावश्यकही. साधा नंबर असेल तर चष्मा ऑनलाइन, स्वस्तात स्वस्त घ्यावा आणि वाचलेले पैसे डोळ्यांच्या तपासणीवर खर्च करावेत.

हे शक्य झाले ते एका जुन्या नियमामुळे. पूर्वी इथले अनेक डॉक्टर नंबराची चिठ्ठी रुग्णाच्या हाती देतच नसत, त्यामुळे चष्माही त्यांच्याकडूनच घ्यावा लागे. फेडरल ट्रेड कमिशनने 1978 मध्ये ते बंद केले. तपासणी संपताच, न मागता आणि जादा पैसे न घेता चिठ्ठी दिलीच पाहिजे, असा नियम आला. 2024 मध्ये तो सुधारून चिठ्ठी मिळाल्याची रुग्णाची सही घेणेही चष्मे विकणाऱ्या डॉक्टरांवर बंधनकारक झाले. चिठ्ठी हाती आल्यावर भाव विचारता येतो, आणि भावांतला फरक थक्क करणारा आहे. 2003 पासून ऑनलाइन चष्मे विकणाऱ्या झेनीने अनेक वर्षे काचांसकट चष्मा 6.95 डॉलरपासून विकला. दुकानात त्याच नंबराचे शेकडो डॉलर सहज होतात. दुकानाचे भाडे आणि माणसांचे पगार त्यात असतात, हे खरे. पण 2018 मध्ये एसिलॉर आणि लक्झॉटिका एकत्र आल्यापासून काचा, रे-बॅनसारख्या फ्रेमी, लेन्सक्राफ्टर्सची दुकाने आणि आयमेड हा दृष्टिविमा एकाच समूहाकडे आहेत. अशा बाजारात ऑनलाइन विक्रेता हा ग्राहकाचा मोठाच आधार आहे.

स्वस्त चष्मा सदोष निघतो, हा आक्षेप निराधार नाही. अमेरिकन ऑप्टोमेट्रिक असोसिएशनच्या नियतकालिकात 2011 मध्ये आलेल्या एका अभ्यासात ऑनलाइन मागवलेले 154 चष्मे तपासले, त्यांतले 44.8 टक्के नंबराच्या किंवा काचेच्या मजबुतीच्या एखाद्या तरी कसोटीत नापास झाले. हा आकडा मी हलका मानत नाही. तो जुना आहे, पण त्यातून घ्यायची खबरदारी आजही तीच: आलेला चष्मा एखाद्या चष्मेवाल्याकडे नेऊन यंत्रावर तपासून घ्यावा, आणि त्याचे पैसे मोकळ्या मनाने द्यावेत. चूक कुठे महागात पडते, हेही गणिताने कळते. काचेचा मध्य बाहुलीपासून सरकला की काच प्रिझमसारखी वागते, आणि हा परिणाम नंबराच्या पटीत वाढतो. 3 मिलिमीटरची चूक उणे 2 च्या काचेत 0.6 प्रिझमची, तर उणे 8 च्या काचेत 2.4 ची. पहिली बहुतेकांना जाणवणारही नाही, दुसरीने डोके दुखेल. म्हणून मोठा नंबर असेल, चिठ्ठीवर प्रिझम लिहिलेला असेल किंवा प्रोग्रेसिव्ह काचा हव्या असतील, तर दुकानातच जावे. प्रोग्रेसिव्हमध्ये फ्रेम नाकावर बसल्यावर बाहुली किती उंचीवर येते ते मोजावे लागते, आणि ते समोर बसलेल्या जाणत्या माणसाकडूनच नीट होते. ऑनलाइन मागवताना लागणारे दोन बाहुल्यांमधले अंतर मात्र फेडरल नियमानुसार चिठ्ठीवर लिहावेच लागते असे नाही, म्हणून तपासणीच्या वेळीच ते मागून घ्यावे.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. चष्मा इतका स्वस्त झाला की लोक जुनाच नंबर पुन्हा पुन्हा भरतात आणि तपासणीला जातच नाहीत. काचबिंदू बहुधा दुखत नाही. कडेची नजर गेलेली कळते तेव्हा उशीर झालेला असतो आणि गेलेली नजर परत येत नाही. मधुमेहाने पडद्यावर होणारे बदलही सुरुवातीला दिसण्यात फरक पाडत नाहीत, आणि आपल्या लोकांत मधुमेह किती घरांत आहे हे सांगायला नको. टाइप 2 चे निदान होताच थेंब घालून पडदा तपासावा आणि पुढेही एक-दोन वर्षांनी तपासत राहावे, असे इथल्या मधुमेहतज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. ही तपासणी वैद्यकीय असल्याने चष्म्याला नकार देणारा आरोग्यविमाही, मेडिकेअर धरून, तिचा बराच खर्च उचलतो. वेळ घेण्यासाठी फोन कराल तेव्हा मधुमेह असल्याचे आधीच सांगावे, म्हणजे बिल चष्म्याच्या नव्हे तर आरोग्याच्या खात्यावर जाईल.