अडीच, पाच की दहा?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात एचपी हा शब्द शिकायला कुणाला शाळेत जावं लागत नाही. कुणाच्या विहिरीवर तीनची मोटर आहे, कुणाची पाचची, आणि कुणी गुपचूप साडेसातची टाकली, हे सगळ्या गावाला पाठ असतं. सोयरीक बघायला आलेला पाहुणाही आधी विहिरीत डोकावतो आणि मग मोटरीची चौकशी करतो. आणि तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, एचपीबद्दल आमच्याकडे एक पक्का गैरसमज आहे. मोटर मोठी बसवली की पाणी वाढतं! पाणी वाढत नाही हो. विहीर लवकर कोरडी पडते, एवढंच. हे दरसाल मार्च-एप्रिलात कळतं आणि पुढच्या पावसाळ्यात विसरलं जातं.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण म्हणजे एका वर्गमित्राचा फोन. सेनगाव तालुक्यात येलदरी धरणाच्या फुगवट्याला लागून त्याचं गाव. घरी पिढ्यानपिढ्या भोईकाम. आजा पूर्णा नदीवर जाळं टाकायचा. १९६८ साली धरण पूर्ण झालं, नदीचा तलाव झाला आणि ही मंडळी नदीवरून तलावावर आली. मित्र म्हणाला, "गड्या, तू मशिनीतला माणूस. होडीला इंजिन बसवावं म्हन्तो. किती एचपीचं घेऊ? अडीच, पाच का दहा?"

आता मी मशिनीतला माणूस आहे हे खरं, पण पंपांच्या मशिनीतला. पुण्याला एका कारखान्यात पंप तपासण्यात माझी वर्षं गेली. तरी म्हटलं, पाणी तेच आणि एचपीही तोच. थोडं वाचन केलं, कागद-पेन्सिल घेतली आणि बसलो. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की 'किती एचपी' हा प्रश्नच मुळी शेवटचा आहे. त्याच्याआधी तीन प्रश्न येतात. वजन किती, जायचं किती दूर, आणि पोचायची घाई किती.

त्याची होडी सोळा फुटांची, फायबरची, सपाट तळाची. होडी अडीचशे किलो, दोन माणसं एकशे तीस, जाळी, बर्फाचा डबा आणि मासळी मिळून शंभर-सव्वाशे. म्हणजे सगळं मिळून अर्धा टन. जाळी लावायची जागा काठापासून पाच किलोमीटर. संध्याकाळी जाऊन जाळी सोडायची, पहाटे जाऊन उचलायची. रोहू, कटला, मृगळ, नशीब असेल तर मरळ. सकाळी सातला व्यापाऱ्याची गाडी येते. ती चुकली की तीच मासळी गावोगाव हिंडून मिळेल त्या भावात विकायची. वल्ह्यावर एका खेपेला सव्वा तास लागतो. म्हणजे दिवसाचे पाच तास नुसतं वल्हवणं! पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा खांदा त्यात राहील कसा? त्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही.

पैसे होते नव्वद हजार. पन्नास साठवलेले आणि चाळीस बायकोच्या बचत गटाचं कर्ज. हे चाळीस महत्त्वाचे, कारण गटातल्या बाकीच्या बायका हप्त्याच्या दिवशी दारात उभ्या राहतात, आणि ते बरोबरच आहे.

आता हिशेब बघा. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. जेम्स वॅटने आपली वाफेची इंजिनं खपवण्यासाठी घोड्याशी तुलना करून हे माप रूढ केलं. आपल्याकडे घोड्यापेक्षा बैलजोडी डोळ्यापुढे आणलेली बरी. नांगरणारी चांगली जोडी साधारण एका एचपीच्या आसपास काम देते. माणूस तासभर न थांबता वल्हवतो तेव्हा एचपीच्या दहाव्या भागाइतकंच काम करतो. आणि तेवढ्यावर अर्ध्या टनाची होडी ताशी चार किलोमीटरने जाते! पाण्याचा हा मोठेपणा आहे. हळू जाणाऱ्याला ते फार स्वस्तात नेतं.

घाई करणाऱ्याकडून मात्र जबर वसूल करतं. पाण्यात वेग दुप्पट हवा तर ताकद साधारण आठपट लागते. उलट वेग पाचव्या हिश्शाने कमी केला की लागणारी ताकद जवळजवळ निम्मी होते. त्यातून होडीच्या लांबीनुसार एक हद्द ठरते. होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत बसून चालते, आणि सोळा फुटी होडीसाठी ही हद्द ताशी दहा किलोमीटरच्या जवळ येते. त्यापुढे जायचं तर पुढची लाट चढून जावी लागते. नाक वर होतं, बूड खाली बसतं, इंजिन ओरडतं आणि पेट्रोल जळतं. अंतर मात्र तितकंसं सरत नाही. लाट ओलांडून पाण्याच्या वर सरकायचं असेल तर एका एचपीमागे साधारण वीस-पंचवीस किलोच वजन हवं. अर्ध्या टनाला म्हणजे वीस-पंचवीस एचपी झाले. दहाच्या इंजिनावर ही होडी धड तरंगत जाणार नाही आणि धड उडणारही नाही.

मग पेट्रोल. लहान फोर स्ट्रोक इंजिन पूर्ण ताकदीवर एका एचपीला तासाला साधारण ०.४ लिटर खातं. अडीचचं इंजिन तासाला एक लिटर, दहाचं चार लिटर. रोजचं अंतर वीस किलोमीटर. अडीचवर ताशी आठच्या वेगाने अडीच तास, म्हणजे अडीच लिटर. दहावर ताशी बाराचा वेग धरला तर एक तास चाळीस मिनिटं आणि पावणेसात लिटरच्या आसपास. लिटरला १०५ रुपये धरले तरी रोजचा फरक चारशेच्या वर. (पेट्रोलच्या भावाची आम्हाला वेगळी आठवण करून द्यायला नको. २०१८ आणि २०२१ साली राज्यात सगळ्यात महाग पेट्रोलची बातमी निघाली की त्यात शेजारच्या परभणीचं नाव असायचंच.) वर्षाला अडीचशे दिवस होडी पाण्यात गेली तर लाखाच्या वर रुपये. कशासाठी? एका खेपेला बारा-तेरा मिनिटं वाचवण्यासाठी.

मी सगळं लिहून फोनवर वाचून दाखवलं. मित्र गप्प. मग हळूच म्हणाला, "बराबर हाय तुझं. पर पोराला दहाचंच पाह्यजे."

खरा प्रश्न आत्ता बाहेर आला. पोरगा बारावी झालेला, पुण्याला चाकणच्या बाजूला कंत्राटी कामावर जायच्या तयारीत. गावातली त्याच्या वयाची निम्मी पोरं गेलेली. तो बापाला म्हणाला होता, इंजिन घ्यायचं तर दहाचं, मग मी थांबतो. टुकूटुकू होडीत बसायला मी काही म्हातारा नाही. म्हणजे बापाला दहा एचपी होडी ओढायला नको होते. पोरगा धरून ठेवायला हवे होते.

पोराशीही बोललो. त्याने मोबाईलवर अमेरिकेतल्या बास माशाच्या होड्या बघितल्या होत्या. चकचकीत, लांबट, पाण्याला जेमतेम टेकणाऱ्या. "काका, त्यांच्याकडं अडीचशे एचपी असतंय!" खोटं नव्हतं. तिकडच्या बास मासेमारीच्या मोठ्या स्पर्धांत इंजिनाची मर्यादाच २५० एचपीची आहे. पण त्याच स्पर्धेत दिवसाला प्रत्येकाचे मोजून पाच मासे धरले जातात, आणि वजन करून ते परत पाण्यात सोडतात. ठरलेल्या वेळात शंभर ठिकाणं धुंडाळायची म्हणून तो वेग. मासा ही तिथे कमाई नाही, कमाई बक्षिसाची आणि जाहिरातदाराची. आणि गंमत अशी, की जागेवर पोचल्यावर ते अजस्र इंजिन बंद करतात आणि विजेच्या छोट्या मोटरीवर हळूहळू सरकतात. मासा धरायची वेळ येते तेव्हा त्यांनाही एक एचपी पुरतो!

पोरगा हसला. पण तो हुशार निघाला. म्हणाला, "काका, तुमचा हिशेब निवांत पाण्याचा हाय. मिरगाच्या आधी वारं सुटतं तवा?"

आता हा प्रश्न खरा पाण्यावरचा. येलदरीचा फुगवटा मोठा आहे. उघड्या पाण्यावर वारा लांबवर धावतो आणि दुपारनंतर बघता बघता लाटा उठतात. अशा वेळी भरलेली होडी वाऱ्याच्या तोंडावर काठाला आणायची तर अडीच एचपी काठावरचं गणित आहे. पुरलं तर पुरलं. तेव्हा मी अडीच खोडून पाच लिहिलं. मच्छीमारी होड्यांसाठी जो जुना ढोबळ नियम सांगतात, टनाला पाच एचपी, त्याने अर्ध्या टनाला अडीचच येतात. पण नियमात आपल्या तलावाचा वारा धरलेला नसतो. तो काठावरच्या माणसाने धरायचा.

लगेच त्याचा पुढचा प्रश्न. "मग दहाचं घेऊन हळू चालवू की! पेट्रोल तेवढंच जाईल." तत्त्वतः जवळपास खरं आहे. इंजिन जेवढी ताकद देतं साधारण तेवढंच खातं. पण दहाचं इंजिन चाळीस किलोच्या आसपास भरतं. तलावावर इंजिन रात्री सोडून येता येत नाही, रोज काढून घरी न्यावं लागतं. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं तेव्हा काठ आणि पाणी यांच्यामध्ये गुडघाभर चिखल असतो. त्यातून बापाच्या एका खांद्याने चाळीस किलो रोज दोनदा? आणि दहाचं इंजिन हातात असताना विशीतला हात हळू राहील, यावर पैज लावणारा अजून जन्माला यायचाय.

अनुदानाचीही गोष्ट निघाली. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के असं मदतीचं प्रमाण ठरलं होतं. "बायकोच्या नावावर केलं तर?" मित्राने लगेच विचारलं. करावं, जरूर करावं. फक्त एवढं लक्षात ठेवावं, की अनुदान मिळालं तर इंजिनाला मिळतं. टाकीतलं पेट्रोल रोज आपल्याच खिशातून जातं.

शेवटी ठरलं ते असं. पाच एचपीचं तयार आउटबोर्ड बजेटच्या बाहेर जात होतं आणि त्याचा जाणता मिस्त्री आमच्याकडे नाही. बिघडलं तर समुद्राकाठचं शहर गाठावं लागणार. म्हणून शेतीच्या दुकानात मिळणारं, हवेने थंड होणारं साधं पेट्रोल इंजिन घेतलं आणि त्याला लांब दांडा आणि टोकाला पंखा जोडून घेतला. थायलंडमध्ये असल्या लांब दांड्याच्या होड्या सर्रास चालतात. आवाज जास्त, आणि दांडा तिरपा असल्यामुळे थोडी ताकद वाया जाते. पण तलावाच्या पोटात बुडालेल्या झाडांची खोडं आहेत. खोड आलं की दांडा उचलून पलीकडे टाकता येतो. आणि ते इंजिन उघडणारे मिस्त्री तालुक्याच्या गावात पाच तरी सापडतात. सगळं मिळून साठ हजारांच्या आत बसलं. उरलेल्यातून दोन लाईफ जॅकेट, एक जादा पंखा, आणि बाकी बचत गटाला आगाऊ हप्ते. वल्ही होडीतच ठेवली आहेत. ती काढायची नाहीत, ही माझी एकच अट होती.

आता खेप पस्तीस-चाळीस मिनिटांत होते. सातच्या गाडीआधी होडी काठाला लागते. मासे वाढले का? नाही. तलावात जेवढं बीज सोडलं जातं आणि जगतं तेवढेच मासे. मोटरीने विहिरीचं पाणी वाढत नाही, तसंच हे. वाढली ती खांद्याची उमेद आणि मासळीचा भाव.

पोरगा अजून गावातच आहे. किती दिवस, सांगता येत नाही. मध्यंतरी इंजिन अडखळायला लागलं तेव्हा त्याने स्वतः कार्ब्युरेटर उघडला, साफ करून बसवला आणि त्याचा फोटो मला पाठवला. गावातल्या दोघांची फवारणीची इंजिनंही दुरुस्त करून दिली म्हणे. उद्या तो चाकणला गेलाच तरी हेल्पर म्हणून न जाता हातात काही घेऊन जाईल, असं मला वाटतं. त्याच्या बापाला मात्र हे वाक्य अजून सांगितलेलं नाही.

येलदरीच्या भिंतीखाली साडेबावीस मेगावॅटचं वीजघर आहे. म्हणजे हिशेबाने तीस हजार एचपी झाले. त्याच पाण्याच्या पाठीवर एक कुटुंब पाच एचपीवर रोज जाऊन येतं. दोघांनाही आपापल्या कामापुरती ताकद आहे.

असो. तुमच्यापैकी कुणी होडीला इंजिन घेणार असेल, किंवा विहिरीला मोटर, तर आधी वजन विचारा, अंतर विचारा, वारा विचारा. जमलं तर हेही विचारा, की हे नक्की कुणासाठी घेतोय? एचपीचा आकडा सगळ्यात शेवटी लिहायचा.