नाममुद्रा

आमच्या येडशीहून तेर फार दूर नाही. तेथे गोरोबाकाकांची समाधी आहे. भजनाच्या तंद्रीत चिखलाबरोबर पोटचे मूलही तुडवले गेले, ही त्यांची कथा या मुलुखात लहान पोरासही ठाऊक. त्यांच्या अभंगांत मात्र बोलतो तो निर्गुणाचा अनुभव, आणि अखेरच्या चरणात येते ते त्यांचे नाव.

ही नाममुद्रेची रीत विसाव्या शतकात वामनदादा कर्डकांनी चालविली. दादांचा जन्म 1922 सालचा, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. मुंबईत त्यांनी मिळेल ती मजुरी केली. चाळीत कोणी पत्र वाचावयास आणले, तेव्हा अक्षरओळख नव्हती. ती लाज मनाला लागली आणि प्रौढपणी त्यांनी मुळाक्षरे गिरविली. 1943 साली पहिले गीत रचले, तेही विडंबन. पुढे 2004 मध्ये देह ठेवीपर्यंत बाबासाहेबांचा विचार गाण्यातून गावोगाव नेणे, हाच त्यांचा व्यवसाय आणि हेच व्रत. ‘वाटचाल’ हा संग्रह निघावयास 1973 साल उजाडले.

या गीतांस आपले रसिक ‘प्रचारी’ म्हणून बाजूस सारतात. गायकाने स्वतःची जखम उघडी करावी, मगच ते आत्मनिवेदन, अशी त्यांची समजूत. दादांचा पहिला संसार मोडला होता, लहानगी मुलगी दगावली होती. जखमांची वाण नव्हती. कॅनडाच्या जोनी मिचेल यांचा 1971 चा ‘ब्लू’ हा गीतसंच आत्मकथनाचा नमुना मानला जातो. पण दत्तक द्यावी लागलेल्या मुलीवरील त्यातले गाणे नेमके कोणाविषयी आहे, हे श्रोत्यांस कित्येक वर्षे कळले नव्हते. तेथेही झाकण होतेच की!

मला तर दादांची ती मुद्रा पुरेशी वाटते. समाजाची भूक, अपमान, उठाव सारे सांगून झाल्यावर कवी शेवटी ‘वामन’ म्हणून साक्षीस उभा राहतो. ज्याला एके काळी स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्याने ते गीतागीतांत गुंफावे, याहून उघडे निवेदन कोणते?

चौदा एप्रिलला एखादा कोवळा पोरगा माईकपुढे उभा राहून ते गीत उचलतो. गळा त्याचा, काळ त्याचा. पण शेवटच्या कडव्याशी येताच त्यास ‘वामन’ म्हणावेच लागते.