ओट्यामागची द्राक्षे

रत्नागिरीला आलेला पाहुणा थिबा राजवाडा पाहतो, टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मघर पाहतो, भाट्याच्या पुळणीवर पाय भिजवतो आणि आंब्याची पेटी घेऊन परततो. माझ्या घरी आलेली पाहुणी मात्र आधी स्वयंपाकघरात डोकावते आणि म्हणते, "अय्या, द्राक्षं!"

सांगते. आमच्या ओट्यामागच्या भिंतीला पिवळट टाइल्स आहेत आणि दर चौथीवर जांभळ्या द्राक्षांचा घड. एकूण सोळा घड. मी मोजले आहेत. कांदा परतताना दुसरे करायचे काय? आंबा, फणस, कोकमाच्या गावात ही नाशिकची मंडळी कशाला आली, असे लग्न होऊन आल्यापासून मनात यायचे. अकरा वर्षे गप्प बसले. गेल्या दिवाळीनंतर मात्र धीर करून गवंड्याला बोलावले.

त्याने थापीच्या दांड्याने भिंत ठोकून पाहिली आणि मान हलवली. "वहिनी, टाइल ओढली की गिलावा येणार, आणि गिलाव्यामागं चिरा ढासळणार. एका भिंतीचं काम सांगताय, पण निघेल दोन भिंतींचं."

मैत्रिणींनो, आमच्याकडची जुनी घरे जांभ्याची. खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की हत्याराने तासून त्याचे चिरे पाडतात. वारा लागला की तो कठीण होतो. पण अंगभर छिद्रे! साधा खिळा ठोकला तरी लाल भुगा गळतो. त्यातून आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. उघडा पडलेला चिरा ते पाणी पितच राहतो.

त्याच आठवड्यात शाळेतल्या मुलींना घेऊन थिबा राजवाड्यात गेले. तोही जांभ्याचाच. एरवी मी रंगीत काचा बघते, या खेपेस भिंतीच चाचपत होते! ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा बांधून झाला 1910 साली, आणि 1916 साली राजा इथेच वारला. म्हणजे वाट पाहिली चोवीस वर्षे आणि राहिला जेमतेम सहा. एका मुलीने विचारले, "बाई, त्याला हा वाडा आवडला असेल का?" मला उत्तर देता आले नाही.

रात्री भांडी आवरताना ते सासूबाईंना सांगितले. टाइल्सच्या बाबतीत त्या तोवर अवाक्षर बोलल्या नव्हत्या. गवंडी आला तेव्हाही माजघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या रात्री बोलल्या. इथे चूल होती तेव्हा मागची भिंत काजळीने काळी व्हायची. दर आठवड्याला सारवायची. पावसाळ्यात सारवण वाळायचे नाही, बुरशी यायची आणि पोपडे आमटीत पडायचे. गॅस आला त्या वर्षी सासऱ्यांनी कोल्हापुरात उरलासुरला माल स्वस्तात मिळाला म्हणून या टाइल्स आणल्या.

"मला साध्या पांढऱ्या हव्या होत्या गं," सासूबाई म्हणाल्या. "पण फडकं फिरवलं की भिंत स्वच्छ! मग कोण बोलतंय? तुला आवडत असतील म्हणून मी गप्प होते."

आणि त्यांच्या आठवणीतल्या म्हणून मी गप्प होते! दोघी हसलो, पण मला जरा ओशाळल्यासारखे झाले. गवंड्याला बोलावण्याआधी निदान विचारायला हवे होते.

मग दोघींनी मिळून काम काढले. भिंत फोडायची नाही, हे ठरले. टाइल्सवर चिकटवायचा कागद मी पूर्वी एकदा आणला होता. श्रावणात त्याच्या कडा सुटल्या. शेगडीमागे तर तो लावूच नये, पेट घ्यायची भीती. ऑइलपेंट गुळगुळीत टाइलवर धरत नाही, वाफेने सुटतो. खरी घाण होती सांध्यांत, हळदीची आणि तेलाच्या वाफेची. धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या ब्रशने सांधे घासले. (लिंबू किंवा व्हिनेगर वापरू नका बरे! सिमेंटचे सांधे आणि ओट्याचा कडप्पा दोन्ही आंबटाने खराब होतात.) मग सांधे वरवर खरवडून पांढऱ्या सिमेंटमध्ये थोडा करडा रंग मिसळून भरले. हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यानच करावे, म्हणजे नीट वाळते. पिवळा रंग तेवढ्यानेच निम्मा शांत झाला.

माळ्यावर फणसाची एक जुनी फळी होती. सुताराकडून तिला पाय लावून घेतले आणि शेगडीपासून लांब ओट्यावर उभी केली, खिळा न ठोकता. तिच्यावर मिठाची बरणी, आगळाची बाटली, सासूबाईंचा पितळी डबा. नऊ घड झाकले गेले.

सात उरलेत. त्यातला एक बरोब्बर शेगडीच्या समोर आहे. दूध उतू जाईल म्हणून उभ्या असलेल्या सासूबाई त्याच्याकडे बघत परवा म्हणाल्या, "ह्याला तेवढा नाशिकच्या गाडीत बसवून दे."