ठिपका की अनुस्वार

वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. १६८९ साली फाल्गुन अमावास्येला महाराजांचा अंत झाला, आणि आजही त्या तिथीला इथे गावोगावची माणसं लोटतात. अशा गावाच्या आसपास लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या माझ्यासारख्याकडे सर्वांत जास्त मागणी कशाची येणार? महाराजांच्या राजमुद्रेची. पिंपळपानाच्या आकाराची चौकट, आत संस्कृत अक्षरं. ती सागवानी फळीवर हवी असते; अक्षरं उठावात आणि भोवतालची जमीन सपाट खोल. मागणीसोबत मोबाइलवर एक चित्रही येतं. कधी पुस्तकातल्या पानाचा तिरका फोटो, कधी कमानीवरच्या नक्षीचा, कधी वॉट्सअ‍ॅपवर इतक्यांदा पुढे गेलेलं चित्र की अक्षरांच्या कडा भिजल्यासारख्या दिसतात.

हे कोरीवकाम आता संगणकावर चालणारं यंत्र, म्हणजे सीएनसी राऊटर, करतं. ते चालवणं फार अवघड राहिलेलं नाही. सणसवाडी-शिक्रापूरच्या कारखान्यांत यंत्रावर काम केलेली पोरं दोन-चार दिवसांत हात बसवतात. या कामाचा कस लागतो तो त्याआधी, चित्र तयार करताना.

यंत्राला चित्र म्हणजे खोलीचा नकाशा. नेहमीच्या राखाडी चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा असतात. पांढरं म्हणजे फळीचा मूळ पृष्ठभाग, काळं म्हणजे पूर्ण खोली, अशी सांगड घातली आणि खोली ६ मिलिमीटर ठरवली, तर मधल्या राखाडीला यंत्र ३ मिलिमीटर खोल जातं. देवाच्या चेहऱ्याचा उठाव कोरताना हीच गोष्ट वरदान ठरते. गालाची गोलाई त्या छटांतूनच येते. पण राजमुद्रेसारख्या सपाट जमिनीच्या कामाला दोनच छटा चालतात. अक्षराच्या कडेला राखाडीची बारीक झालर राहिली, तर तिथे उभी भिंत न येता उतार येतो. झालर डोळ्यांना सुखावते, कारण पडद्यावर अक्षर गुळगुळीत दिसावं म्हणूनच ती घातलेली असते. लाकडात मात्र तीच कड बोथट करते. जेपीईजी चित्रात अक्षरांभोवती जी पुसट चौकोनी घाण असते, तिचे तळावर उंचवटे उमटतात.

म्हणून प्रत्येक राखाडी ठिपक्याचा निकाल लावावा लागतो: वर की खाली. नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ साली यासाठी एक सुंदर रीत मांडली. चित्रातल्या उजेड-अंधाराची वाटणी तपासून, दोन गट एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळे पडतील अशी सीमा गणितानंच शोधायची. शाई आणि कागद स्वच्छ वेगळे असतील तर ही रीत उत्तम चालते. पण फोटो एका बाजूच्या उजेडात काढलेला असला, की सावलीतला कागदही शाईत जमा होतो. तेव्हा चित्राच्या प्रत्येक भागाची सीमा वेगळी ठरवावी लागते, आणि तिथे माणसाची नजर लागते.

नजर म्हणजे तरी काय? तर वाचता येणं. चित्र साफ करताना सुटे बारीक ठिपके एका फटक्यात पुसायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. कागदावरचा डाग तिनं जातो. त्याच फटक्यात अनुस्वारही जातो. राजमुद्रेत सुरुवातीलाच ‘शंभोः’ हा शब्द आहे. त्याच्या डोक्यावर अनुस्वार, शेवटी विसर्ग. एका शब्दात तीन ठिपके, आणि संगणकाच्या लेखी तिन्ही कचरा. ज्याला हा शब्द ठाऊक आहे तोच हात आवरतो. म्हणून मी मूळ मजकूर शेजारी लिहून ठेवतो आणि साफ केलेलं चित्र अक्षर-अक्षर लावून वाचतो. राजमुद्रा महाराजांच्या नावानं बोलते. तिच्यातला विसर्ग हरवणं मला खपत नाही.

अक्षर वाचलं तरी ते लाकडात टिकायला हवं. जमीन खोल गेली की अनुस्वार एकट्या खुंटीसारखा उभा राहतो. तो दोन मिलिमीटरचा असेल आणि भोवती चार मिलिमीटर खोल उतरलो, तर लाकडाच्या धाग्याच्या दिशेनं तो तुटतो. म्हणून ठिपके चित्रातच थोडे जाड करायचे किंवा खोली कमी ठेवायची. जोडाक्षरांत उलटी अडचण येते. दोन रेषांमधली फट यंत्राच्या फिरत्या पात्यापेक्षा, म्हणजे बिटापेक्षा, अरुंद असली तर बिट आत शिरतच नाही, आणि अक्षराचं पोट भरलेलं राहतं. मग रेषा बारीक करून फट उघडायची. पण इतकीच, की अक्षराची ठेवण बदलू नये.

सगळ्यात चिवट जागा म्हणजे पिंपळपानाचं टोक. बिट गोल फिरतं, त्यामुळे आतला कोपरा त्याला टोकदार करता येत नाही. टोकाचा कोन ३० अंशांचा धरला, तर ३ मिलिमीटरचं बिट टोकाच्या ४ मिलिमीटरहून अधिक अलीकडेच अडतं. ६ मिलिमीटरचं बिट तर साडेआठ मिलिमीटर अलीकडे. पान बोटासारखं बोथट दिसतं. चित्रात टोक कितीही रेखीव काढा, यंत्रापुरता त्याचा उपयोग नाही. मी टोकाची रेषा पूर्ण ठेवतो, मोठ्या बिटानं जमीन उतरवतो, लहान बिटानं कडा घेतो, आणि उरलेलं टोक आमचे मिस्त्री पटाशीनं उघडतात. पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागावरचं सागवानी काम पाहताना लक्षात येतं, की कोपऱ्यात शिरायची ही ताकद पटाशीत आधीपासूनच होती. यंत्रानं जमीन सपाट करण्याचे कष्ट वाचवले. कोपरा अजून हाताचाच आहे.

मूळ शिक्का कोरणाऱ्या कारागिराचाही मला नेहमी विचार येतो. शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा कागदावर सुलटी उमटतात. त्यानं प्रत्येक वेलांटी, प्रत्येक बिंदू आधी मनात उलटा वाचला असणार. आमच्या फळीला उलटं कोरावं लागत नाही. निदान सुलटं तरी नीट वाचावं, एवढी त्याच्या कामाची चाड आम्ही ठेवली पाहिजे.

नव्यानं शिकणाऱ्यांना मी एकच शिस्त लावतो. टूलपाथ, म्हणजे बिटाचा मार्ग, काढण्याआधी चित्र खऱ्या मापात कागदावर छापायचं, हातभर अंतरावर धरायचं आणि मोठ्यानं वाचायचं. संस्कृत येत नसेल तर जाणत्याकडून वाचून घ्यायचं. जिथे अडखळलं तिथे चित्र दुरुस्त करायचं, आणि मगच फळीला बिट लावायचं. कागद पुन्हा छापता येतो. सागवानात एकदा उतरलेली खोली भरून येत नाही.