आलवण

बिऱ्हाड हलवणे हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे. बिऱ्हाड हलले की काम झाले. त्याबरोबर माणसे हलली की नाहीत, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आमचे बिऱ्हाड वाईहून जमशेदपूरला हलले ते १९५९ च्या जून महिन्यात. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. नकाशे काढता काढता वडिलांची, म्हणजे नानांची, चाळिशी उलटली होती. पगार वाढण्याची आशा संपली होती आणि बहिणीच्या लग्नाची काळजी सुरू झाली होती. टाटांच्या पोलाद कारखान्याचा त्या सुमारास मोठा विस्तार झालेला, त्यामुळे तिथे नकाशे काढणारी माणसे हवी होती. नानांनी अर्ज केला आणि तो मंजूर झाला.

“दोन वर्षे,” नाना म्हणाले. “गाठीला चार पैसे जमले की परत यायचे.”

आईला त्यांनी हे सांगितले. विचारले मात्र नाही. आजीला तर सांगितलेही नाही. ट्रंकांना दोर आवळले जात होते, तेव्हा ते तिला कळले.

आजी त्या वेळी सदुसष्ट वर्षांची होती. १९१८ साली मानमोडीच्या साथीत आजोबा गेले, तेव्हा ती सव्वीस वर्षांची आणि नाना दोन वर्षांचे. तेव्हापासून तिच्या डोईवर केस नव्हते आणि अंगावर आलवण होते. तांबड्या रंगाचे ते जाडेभरडे लुगडे मी इतक्या लहानपणापासून पाहत आलो होतो की, आजी म्हणजेच तो रंग असे माझ्या मनात बसले होते. वाईतल्या घाटावर तिच्यासारख्या आणखीही काही जणी येत. त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नसे. दृष्टीला सवय झाली की दुःखसुद्धा दिसेनासे होते, हे कळण्याचे माझे ते वय नव्हते.

वाईहून एस. टी.ने खंबाटकी आणि कात्रजचे घाट उतरून पुणे, तिथून कल्याण आणि कल्याणला नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल. असा हजार मैलांहून अधिक प्रवास. आजीने गाडीत शिजवलेले काही खाल्ले नाही. दुधातल्या दशम्या आणि खारका यांवर तिने दिवस काढले. पाण्यासाठी कृष्णेचे पाणी भरलेली एक तांब्याची कळशी तिने मांडीशी घट्ट धरून ठेवली होती. घोटघोट पुरवूनही ते बिलासपूरला संपत आले. नाना फलाटावरच्या नळाचे पाणी घेऊन आले, तेव्हा आजी बराच वेळ कळशीत पाहत राहिली आणि मग तळाशी उरलेल्या कृष्णेवरच तिने ते पाणी ओतून घेतले. “तेवढीच सोबत,” ती म्हणाली. मला ते मजेचे वाटले होते.

जमशेदपूर तेव्हा बिहारात होते. २००० सालापासून ते झारखंडात आहे. सुवर्णरेखा आणि खरकाई या दोन नद्यांच्या मध्ये वसवलेले हे गाव. उत्तरेला दलमाचे डोंगर, आखलेले रस्ते, एकसारख्या विटांची घरे आणि दिवसाचे भाग पाडणारा कारखान्याचा भोंगा. रात्री भट्टीतली वितळलेली मळी बाहेर ओतली की आकाश तांबूस होई. पहिल्याच रात्री आजी तो उजेड पाहून उठली आणि उजाडले असे समजून तिने खड्या आवाजात भूपाळ्या सुरू केल्या. रात्रीचे दोन वाजले होते. आजूबाजूच्या घरांतून दिवे लागले आणि आम्ही आल्याची वार्ता अशा रीतीने सर्वांना कळली.

आमच्या परसाला लागून बुटकी भिंत होती आणि भिंतीपलीकडे एक बंगाली कुटुंब. ती माणसे मूळची बारिसालची. १९५० च्या दंग्यांत घर, जमीन, बागा सोडून, हाती लागेल ते घेऊन निघालेली. त्या घरात आजीच्याच वयाची एक वृद्धा होती. तिची नातवंडे तिला ‘ठाकूरमा’ म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. आजी मात्र तिला आदराने ‘ठाकूरमाबाई’ म्हणे.

त्या दोघींचे पहिले बोलणे मी ऐकले आहे. ठाकूरमाने भिंतीवरून विचारले, “कर्ता कोथाय?” बंगालीत वडीलधाऱ्या बाईला तिच्या नवऱ्याविषयी असे विचारतात. आजीला त्यातला ‘कर्ता’ तेवढा समजला. घरातला कर्ता म्हणजे मुलगा. “कर्ता कामावर गेलाय,” असे म्हणून तिने कारखान्याकडे हात केला. ठाकूरमा थक्क झाली. सत्तरीला आलेला म्हातारा भट्टीवर जातो, याबद्दल ती बरेच काही हळहळून बोलली आणि आजीने सगळ्याला मान डोलावली.

तिच्या समजुतीला दुसरेही एक कारण होते. बंगाल्यात तांबडा रंग सवाष्णीचा. तांबड्या काठाचे लुगडे, भांगात शेंदूर. विधवेने नेसायचे ते पांढरे, बिनकाठाचे थान. तेव्हा आपादमस्तक तांबडे नेसलेली ही म्हातारी त्यांच्या दृष्टीने अखंड सौभाग्यवती ठरली. हातात बांगडी नाही, कपाळी कुंकू नाही, ही परप्रांतीयांची काही निराळी रीत असेल, असे त्यांनी धरून चालले असावे.

मग आषाढात त्यांच्या घरी कसलेसे व्रत होते. त्या दिवशी ठाकूरमाची धाकटी सून नटूनथटून आमच्या परसात आली, आजीच्या पाया पडली आणि हातातली डबी उघडून तिने शेंदराचे बोट आजीच्या कपाळाकडे नेले. आजी विंचू दिसावा तशी मागे सरली. ती ओरडली नाही. काही क्षण तशीच उभी राहिली आणि मग डोईवरचा पदर तिने स्वतःच्या हाताने मागे सारला. परक्या माणसांपुढे तिचे उघडे डोके मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

सून रडू लागली. भिंतीपलीकडे उभी असलेली ठाकूरमा हे सगळे पाहत होती. तिनेही आपला पांढरा पदर मागे घेतला. तिचे केस मुळापासून कातरलेले होते. दोघी भिंतीच्या दोन बाजूंना तशाच उभ्या राहिल्या, एक तांबड्यात आणि एक पांढऱ्यात. आईने मला ओढून आत नेले.

त्या दिवसापासून आमच्या घरात आजीचा मुक्काम असा फारसा उरला नाही. ती भिंतीपाशी असे. मराठी आणि बंगाली यांच्यामध्ये कुठेतरी त्या दोघींनी आपली एक भाषा उभी केली. बाजारात मिळे तो तांदूळ बहुधा उसना, म्हणजे आधीच उकडलेला. आजीच्या सोवळ्याला तो चालेना आणि ती महिनाभर भाताविना राहिली होती. ठाकूरमाने तिला ‘आतप’ तांदूळ दाखवला. बंगाली विधवांनाही उसना वर्ज्यच होता. मसूर हिलाही नको आणि तिलाही नको. कांदालसूण दोघींना नको. दोघींपैकी एकीनेही दुसरीच्या हातचे शिजलेले कधी खाल्ले नाही. देवघेव चाले ती शिध्याची, पाल्याची, बियांची. ठाकूरमाने दिलेली शेवग्याची एक फांदी आजीने परसात खोचली, तेव्हा नाना म्हणाले, “झाड कशाला? शेंगा येईपर्यंत आपण इथे आहोत का?” तिसऱ्या वर्षी आम्ही त्या शेंगांची आमटी खात होतो. नानाही खात होते.

एकादशीवरून मात्र आजी एकदा फार ओशाळली. आमच्याकडे साबुदाणा, वरी, दाण्याची आमटी, रताळी. एकादशी अन् दुप्पट खाशी. ठाकूरमाची एकादशी निर्जळी. एका ज्येष्ठात, दगड तापून फुटावा अशा उन्हात, ती ओसरीवर नुसती पडून होती. आजी पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीला वळसा घालून गेली. ठाकूरमाने मान फिरवली. आजीने तांब्या खाली ठेवला आणि ती तिच्या उशाशी बसली. दिवस मावळेपर्यंत बसली आणि तिनेही पाणी घेतले नाही. पुढे तिची प्रत्येक एकादशी तशीच होऊ लागली. नाना तिच्यावर रागावले. “या वयात हे नवे खूळ कशाला? आपल्यात नाही हे.” आजीने उत्तर दिले नाही. ‘आपल्यात’ म्हणजे कोणात, हे त्या काळात तिच्यापुरते बदलले होते, असे मला आता वाटते.

नानांचे काहीच बदलले नाही. डाकेने पाच-सहा दिवसांनी येणारा ‘केसरी’ ते तारीखवार वाचीत. भिंतीला खिळा मारू देत नसत. ट्रंकांवर चादरी टाकून त्यांचीच आसने केली होती. कपाट घ्यायचे नाही, न्यायला जड. दोन वर्षांची पाच झाली, पाचांची दहा झाली. बहिणीचे लग्न झाले, मी नोकरीला लागलो. वाईच्या घराची शाकारणी मात्र दर उन्हाळ्यात जमशेदपूरहून मनीऑर्डर पाठवून होत असे. मी त्यांना एकदा सखाराम गणेश देउस्करांचे उदाहरण दिले. देवघरजवळच्या मराठी घराण्यात १८६९ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी १९०४ साली बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिली आणि पुढे सरकारला तिच्यावर बंदी घालावी लागली. नाना म्हणाले, “मग तो बंगालीच झाला की.” वादाला जागाच उरली नाही.

ठाकूरमा १९६८ मध्ये वारली. तिच्या गावची नदी कीर्तनखोला. आजीला त्या नावाचे फार अप्रूप होते. जिच्या काठी रोज कीर्तन होते अशी ती नदी असणार, अशी तिची खात्री होती. पण ती नदी आता दुसऱ्या देशात होती. ठाकूरमाच्या अस्थी सुवर्णरेखेत गेल्या. आजी त्या दिवशी दोमुहानीला, खरकाई आणि सुवर्णरेखा मिळतात तिथे, आमच्याबरोबर आली होती. परत आल्यावर तिने आईला सांगितले, “माझेही तिथेच करा. हिला एकटीला नको.” नानांना तिने सांगितले नाही. आईला सांगितले.

१९७१ च्या माघात आजी गेली. आईने नानांना तिची इच्छा सांगितली. नाना काही बोलले नाहीत. अस्थींचे गाडगे घरात ठेवू नये, म्हणून ते परसातल्या शेवग्याला टांगले होते. चौथ्या दिवशी नाना कल्याणचे तिकीट काढून आले.

“कृष्णाकाठची बाई ती,” ते म्हणाले. “मी तिला इथे आणले. आता तरी पोचवू दे.”

आईने आयुष्यात त्यांना उलट उत्तर दिलेले मला आठवत नाही. त्या दिवशी ती एवढेच म्हणाली, “आणतानाही विचारले नव्हते.” नाना गाडगे घेऊन वाईला गेले. ते हट्टाने गेले असे मी तेव्हा म्हणत असे. आज तसे म्हणवत नाही. बारा वर्षे त्यांनी ते ओझे वाहिले होते आणि ते उतरवायला त्यांना दुसरी जागा ठाऊक नव्हती.

आदल्या रात्री आईने मला उठवले होते. कंदील धरायला सांगून तिने शेवग्याखाली जाऊन गाडग्यातल्या चिमूटभर अस्थी काढून घेतल्या. ठेवायला हाताशी काही नव्हते, म्हणून स्वतःचा पितळी करंडा तिने रिकामा केला. कुंकू कागदात बांधून ठेवले. नानांची गाडी गेली त्याच दिवशी आम्ही दोघे दोमुहानीला गेलो. करंड्यासकट तिने ते पाण्यात सोडले. आजीच्या वाट्याला कुंकवाचा करंडा त्रेपन्न वर्षांनी आला तो असा.

नाना १९७६ मध्ये निवृत्त झाले आणि आईला घेऊन वाईला गेले. अकरा महिन्यांनी दोघे परत आले. घर नीट होते, कृष्णाही होती. पण ओळखीची माणसे उरली नव्हती आणि पहाटे भोंगा होत नाही म्हणून नानांना जाग येत नसे, असे आईने हसत सांगितले. मला तोवर कारखान्यातर्फे घर मिळाले होते. शेवग्याचे ते घर दुसऱ्या कोणाकडे गेले होते.

आल्यावर आठ दिवसांनी नाना म्हणाले, मला दोमुहानीला ने. तिथे काठावर बसल्यावर मी त्यांना त्या रात्रीची हकीकत सांगितली. सहा वर्षे मनात ठेवली होती. त्यांनी ती शांतपणे ऐकली. मग विचारले, “कशात घालून नेल्यात?”

मी सांगितले.

ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. “वाईहून आलो तेव्हा देवळीत तो करंडा दिसला नाही,” ते म्हणाले. “हरवला असेल म्हणून मी तिला दुसरा आणून दिला. विचारले नाही. तेव्हा विचारायला हवे होते.”

मग त्यांनी चपला काढल्या, धोतर आवरले आणि घोट्याएवढ्या पाण्यात ते उभे राहिले. मी काठावरच थांबलो.