वाढली की वाढवली?

इंग्रजीतल्या ज्या जोड्या भल्याभल्यांना चकवतात, त्यांत राइज आणि रेज बऱ्याच वर असाव्यात. राइज, रोज, रिझन हे अकर्मक. सूर्य वर येतो, धूर वर जातो, भाव चढतात. कोणी काही करावं लागत नाही. रेज, रेज्ड, रेज्ड हे सकर्मक. हात वर करणं, मुलं वाढवणं, प्रश्न उपस्थित करणं हे सगळं रेज, कारण इथे करणारा कोणीतरी असतो.

खरं तर मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, चढणे-चढवणे आपण लहानपणापासून बोलतो. 'झाड पडलं' म्हटलं की वाऱ्यावर ढकलता येतं. 'झाड पाडलं' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणी? रेजसुद्धा राइजच्याच कुळातलं प्रयोजक रूप आहे, व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेलं. (पगारवाढीला मात्र लंडनचा दादा राइज म्हणतो आणि न्यू जर्सीची ताई रेज. दोघंही बरोबर, त्यामुळे कृपया इथे भांडू नये! :-))

एवढं पुराण लावायचं कारण म्हणजे एक पत्र.

जुन्या पनवेलमधलं आमचं घर बैठं आहे. आई तिथेच राहते. २६ जुलै २००५ ला ओटीवर गुडघाभर पाणी होतं. त्याचा राग आम्ही कोणावर धरला नाही. आभाळ फाटलं, गाढी नदी चढली. राइज. पण गेल्या तीन वर्षांत शेजारच्या प्लॉटवर मातीचा भराव झाला, आणि आता साध्या पावसातही पाणी आमच्या अंगणात उतरतं. गल्लीत सगळे म्हणतात, "भराव पडला." आई एकटीच म्हणते, "पडला नाही रे, टाकला."

अर्ज केला. महिन्याभराने इंग्रजीत उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की लगतच्या प्लॉटची पातळी गेल्या काही वर्षांत वाढली आहे. क्रियापद होतं रिझन! जमीन काय इडलीच्या पिठासारखी रात्रीत फुगून वर आली? 'हॅज बीन रेज्ड' असतं, तर निदान 'कोणाकडून' हे विचारायला वाक्यात जागा राहिली असती.

आमच्यापासून थोड्याच अंतरावर नवी मुंबई विमानतळ आहे. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, जमीन भरून उंच केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. त्याबद्दलच्या बातम्यांत टेकडी आपोआप खचली किंवा नदी स्वतःहून वळली, असं कोणी लिहिलं नाही. तिथे सगळी क्रियापदं सकर्मक होती. श्रेय घ्यायचं असलं की माणसाला रेज आठवतं, आणि जबाबदारी आली की राइज. हा नियम व्याकरणाच्या पुस्तकात नाही, पण सरकारी-खासगी सगळ्या पत्रांना लागू पडतो.

असो. दुसरा अर्ज मराठीत लिहिलाय. त्यात दोनच प्रश्न आहेत: भराव कोणी टाकला, आणि तो टाकू कोणी दिला? तुमच्या हातात असं एखादं पत्र पडलं, तर आधी क्रियापद बघा आणि कर्ता शोधा. आमचा कर्ता सापडला की इथे कळवेनच. तोवर आईचे धान्याचे डबे माळ्यावर ठेवलेत.